राजाचं गळू आणि पंधरा अंजीर

हे मी खुर्चीवर बसून लिहितो आहे. वाचणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही, पण मला वाटतं. म्हणून मला बसतं करणाऱ्यांची नावं आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो.

पहिलं नाव सुलोचना साळवे. आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर. माहेर नगरकडचं, बोलणं कात्रीचं, हात कापसाचे. दुसरं नाव माझी बायको मंदा, जिने माझी प्रार्थना जागच्या जागी दुरुस्त केली. तिसरे रफीकभाई, शेजारच्या खाटेवरचे क्रेन ऑपरेटर. त्यांच्या अंजिरांनी मी मरायला टेकलो होतो, पण दोष अंजिरांचा नव्हता आणि रफीकभाईंचा तर नव्हताच.

मी दत्ताराम परब. गाव कुडाळपासून बरंच आत. शाळा सातवीपर्यंत. सातवी पास झालो होतो, एवढं लिहायला मंदाने सांगितलं आहे. एका गाववाल्याच्या ओळखीने भोपाळला आलो, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासली आणि तिथंच आचारी झालो. सकाळच्या पाळीला पोहे आणि जिलेबी, तीस वर्षं. गाव लांब राहिलं, बोलीची खिचडी झाली, स्वभाव मात्र आणला तसाच राहिला. म्हणजे भित्रा. हे लिखाण माझ्यासारख्या भित्र्या माणसांसाठी आहे. धीट माणसं वेळेवर डॉक्टरकडे जातात, त्यांना याची गरज नाही.

उभ्याने काढलेले तीन आठवडे

माणूस ज्या जागेवर बसतो, नेमक्या त्या जागेवर मला एक पुटकुळी आली. आधी मसुराएवढी, मग सुपारीएवढी. कुणाला सांगायची जागा नव्हती, म्हणून सांगितलं नाही. आचारी उभाच असतो, त्यामुळे कॅन्टीनमध्ये कुणाला कळलं नाही. सायकल मी उभ्याने मारायला लागलो. गेटवरचा चौकीदार म्हणाला, "क्या बात है परब, आजकल बड़े जोश में हो." घरीही मी ताट हातात घेऊन उभ्याने जेवायला लागलो.

मंदा म्हणाली, "हे काय नवीन?"

"पोटाला चांगलं असतं. जुने लोक उभ्यानेच जेवायचे."

"कुठले जुने लोक?"

मी भाजी वाढून घ्यायला ओट्याकडे वळलो.

कॅन्टीनच्या कोठारात पिठाच्या गोणीमागे उभा राहून मी स्वतःच कणकेचं गरम पोटीस लावायचो. आणि नवस बोलायचो. यावर जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

आमच्या गावात देवाशी आपण स्वतः बोलत नाही. गाऱ्हाणं घालतात. देवीसमोर गावचा मानकरी उभा राहतो, तुमचं दुखणं खणखणीत आवाजात तिच्या कानावर घालतो, आणि मागचे सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. बोलणारा तो, होकार देणारे ते. आपण फक्त नारळ धरून उभं राहायचं. भोपाळला मानकरी कुठून आणू? म्हणून मी नवसावर आलो. नवसाला फार बोलावं लागत नाही. हे दे, ते देईन. गावच्या सातेरीला साडी, मराठी मंडळाच्या गणपतीला एकवीस मोदक, टाउनशिपच्या मारुतीला अकरा शनिवार अनवाणी. तीन आठवड्यांत इतके देव गुंतवले की कुणाला काय कबूल केलं ते आठवेनासं झालं. गळू मात्र वाढत होतं.

कळलं तो दिवस

एके सकाळी जिलेबीच्या कढईसमोर मला थंडी वाजली. कढईसमोर थंडी वाजते म्हणजे काय, ते आचाऱ्याला कळतं. दवाखान्यात बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि यंत्र बदललं. दुसऱ्या यंत्राने पहिल्याचीच बाजू घेतली.

डॉक्टर म्हणाले, "शुगर कब से है?"

"साहब, मुझे शुगर नहीं है. मैं जलेबी बनाता हूँ, खाता नहीं."

"चखते हो?"

"चखना तो पड़ता है साहब."

"रोज़?"

"सुट्टीवाले दिन नहीं."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

साखर होती, आणि साखरेमुळे गळू आत खोल गेलं होतं. ऑपरेशन करायचं, पण आधी साखर खाली आणायची. विष आणखी पसरलं तर मग हातात काही राहणार नाही. डॉक्टरांनी मंदाला बाहेर बोलावलं. मला ऐकू आलं, "चार दिन में शुगर काबू में नहीं आई, तो..." पुढचं वाक्य ते हळू आवाजात बोलले, म्हणून मला सगळं समजलं.

मंदा आत आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तीन आठवडे. एका घरात." आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मरणाच्या भीतीपेक्षा त्या न बोलण्याची भीती मोठी होती असं लिहिलं तर शोभेल, पण ते खरं नाही. दोन्ही सारख्याच होत्या.

भिंतीकडची खाट

मला कोपऱ्यातली खाट मिळाली. उताणं झोपता येत नव्हतं, उजवी कूस बंद, राहिली डावी. डाव्या कुशीला भिंत. म्हणजे दिवसभर माझं तोंड भिंतीकडे आणि बाकीचा मी वॉर्डकडे.

ड्रेसिंगला साळवे सिस्टर आल्या. मी लाजेने कपाळ भिंतीला लावलं.

"परब, भिंतीत काय शोधतोस?"

"लाज वाटते सिस्टर."

"वीस वर्षं मी हेच बघते आहे. तुझ्यात काही विशेष नाही."

इतकं बरं वाटणारं वाक्य मला त्या आठवड्यात दुसरं कुणी ऐकवलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखाच एक राजा होता. यहूदाचा. हिज्कीया नाव. आमच्या पवित्र शास्त्रात आहे. त्यालाही गळू झालं होतं."

"राजाला?"

"राजाला. आणि तोही असाच भिंतीकडे तोंड करून पडला होता. हलू नको."

सिस्टर गोष्ट सांगायच्या ती माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून, हे मला नंतर कळलं. गोष्ट रंगात आली की नेमकी जखमेतली पट्टी ओढायच्या. मी ओरडायचो आणि मलाच वाटायचं, राजा ओरडला.

तर राजा मरणाला टेकला. यशया नावाचा संदेष्टा भेटायला आला आणि तोंडावर म्हणाला, घरादाराची निरवानिरव कर, तू काही यातून उठत नाहीस.

"असं तोंडावर?"

"संदेष्टे तुमच्या डॉक्टरांसारखे हळू बोलत नाहीत."

राजाने भिंतीकडे तोंड फिरवलं. देवाला म्हणाला, मी तुझ्यासमोर कसा खरेपणाने वागलो, ते आठव. आणि ढसाढसा रडला. संपली प्रार्थना.

"आणि नवस काय बोलला?"

"नवस नाही बोलला."

"राजा असून? काहीच कबूल नाही केलं?"

"काही नाही. आपली बाजू सांगितली आणि रडला."

मला हे पटेना. "मी गणपतीला आयुष्यभराचं गोड सोडलं आहे सिस्टर."

"कधी?"

"काल."

"डॉक्टरांनी परवा बंद केलं, ते तू काल देवाला वाहिलंस. देव काय तुमच्या कॅन्टीनचं गिऱ्हाईक आहे, उरलेलं त्याच्या ताटात वाढायला?" आणि पट्टी ओढली.

गोष्टीचा शेवट असा. यशया निघाला होता, पण वाड्याचं मधलं अंगण ओलांडायच्या आत देवाने त्याला परत फिरवलं. जा, सांग त्याला, प्रार्थना ऐकली, आसवं पाहिली, आणखी पंधरा वर्षं दिली. मग यशयाने अंजिरांचा लगदा आणवून गळवावर बांधला, आणि राजा बरा झाला.

मी विचारलं, "राजाला गळू कुठं झालं होतं?"

"ते लिहिलेलं नाही."

"म्हणजे तिथंच असणार."

सिस्टर पहिल्यांदा हसल्या.

पंधरा

शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये टांगून रफीकभाई पडले होते. आमचं मराठी त्यांना निम्मं कळायचं, उरलेलं ते विचारून घ्यायचे. भोपाळी ढंगात म्हणाले, "को खां, राजा बच गया?" मी त्यांना गोष्ट हिंदीत सांगितली. अंजीर ऐकताच उठून बसायला गेले, पाय टांगलेला आहे हे विसरून. जुन्या शहरात, चौकात त्यांच्या साडूचं सुक्या मेव्याचं दुकान. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला सुक्या अंजिरांची अख्खी माळ आली.

"सिस्टर से कहना, पीस के बाँध दें," रफीकभाई म्हणाले.

पण साळवे सिस्टर बांधणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या पट्टीत चोरून काही घालणं तर अशक्यच. मग माझ्या आचारी डोक्याने विचार केला. बाहेरून लावलेल्या मसाल्यापेक्षा आत मुरलेला मसाला जास्त लागतो. वांगं भरतात, त्याला लेप देत नाहीत. तेव्हा पोटातूनच द्यावं. आणि किती, ते तर शास्त्रातच होतं. राजाला पंधरा वर्षं मिळाली, म्हणून पंधरा.

रफीकभाईंना एक्स-रेला नेलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसलो, म्हणजे पडलो, आणि एक एक वर्ष चावून खाल्लं. बाराव्या वर्षाला पोट भरलं. पण तीन वर्षं वाया घालवायची माझी हिंमत झाली नाही. उरलेली माळ उशीच्या अभ्र्यात घातली.

साखर दोन दिवस खाली येत होती. अंजीर खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या दिवसाच्याही वर गेली. ताप चढला. ठरलेलं ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टर कागद उलटसुलट बघत राहिले.

"कल क्या खाया था?"

"लौकी, साहब." ते खरं होतं. फक्त पुरतं नव्हतं.

मंदा पुढं झाली. "साहब, डब्बा मैं लाती हूँ. मेरे हाथ का ही खाते हैं. बाहर का एक दाना नहीं." ती छातीवर हात ठेवून बोलत होती, आणि मी तिला बोलू दिलं.

डॉक्टर म्हणाले, म्हणजे ही इन्सुलिनची सुई पुरत नाही. चार वाजता दीडपट देऊ. ते गेले. मंदा डबा धुवायला गेली. मी भिंतीकडे वळलो.

गाऱ्हाणं

आता खरी भीती वाटली. अंजिरांनी नवा दिवस दिला नव्हता, होते तेच दिवस खाल्ले होते. सवयीने नवस ओठावर आला, पण द्यायला काही उरलं नव्हतं. सगळं आधीच कबूल करून झालं होतं. मानकरी नव्हता. व्हय म्हाराजा म्हणणारे नव्हते. माझ्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं, तेव्हा उरलो मीच. पन्नाशी उलटलेल्या माणसाला देवाशी पहिलं वाक्य सुचेना.

मग राजाचं आठवलं. आपली बाजू सांगायची. मी भिंतीला सांगायला लागलो.

"देवा, मी कधी कुणाला शिळे पोहे वाढले नाहीत."

"आमीन," मागून आवाज आला.

मी मान वळवली. रफीकभाई छताकडे बघत होते. "दुआ माँग रहे हो न? ज़बान तुम्हारी, आमीन हमारी. चलने दो."

भोपाळात इतक्या वर्षांनी मला कुणीतरी व्हय म्हाराजा म्हटलं होतं. मी भिंतीकडे वळलो. आवाज आपोआप थोडा वाढला.

"तेल एकदा तळलेलं पुन्हा वापरलं नाही. म्हणजे, दोनदा वापरलं. दिवाळीत."

"आमीन."

"आमच्या मुलीला, रेखाला, कावीळ झाली तेव्हा मी चौदा दिवस तिच्या उशाशी बसलो."

"दोन दिवस," मागून मंदा म्हणाली. डबा धुऊन ती केव्हा येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "बारा दिवस मी होते."

"दोन दिवस मी बसलो," मी भिंतीला म्हणालो. "बारा मंदा बसली."

"आमीन," रफीकभाई जरा जोरात म्हणाले.

"आणि मी मंदाशी कधी खोटं..."

इथं थांबलो. मागून दुरुस्ती आली नाही. आमीनही आलं नाही. ती शांतता इतकी लांबली की भिंतीवरचा एक पोपडा मला अजून तसाच आठवतो, मध्य प्रदेशाच्या नकाशासारखा, खालून थोडा तुटलेला. मग मला रडू फुटलं. राजासारखं नाही, नाक वाहण्याचं. आणि जे बोललो ते इतकंच, "मी अंजीर खाल्ले. पंधरा. ती माझ्यासाठी शपथेवर बोलली आणि मी गप्प बसलो. मला मरायचं नाही देवा. मला फार भीती वाटते."

"कुठले अंजीर?" मंदा म्हणाली.

"उशीत आहेत उरलेले."

तिने माझ्या डोक्याखालून उशी ओढली, अभ्रा झटकला, माळ उचलली आणि निघाली. तिच्या चपलांचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला.

घड्याळात दोन वाजून गेले होते, साळवे सिस्टरांची पाळी संपली होती. पुढचं मंदाने सांगितलेलं आहे. वॉर्ड आणि सायकल स्टँड यांच्या मध्ये एक अंगण आहे, कडुलिंबाचं. सिस्टर अंगणाच्या पार टोकाला, एक पाय पेडलवर. मंदा आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्याने बोललेली नाही. तिने अंगणाच्या या टोकावरून हाक मारली, "सिस्टर, परत फिरा!" आणि माळ वर धरून दाखवली.

सिस्टरांनी सायकल वळवली.

खांद्यावर पर्स तशीच, अशा त्या खाटेपाशी आल्या. माळेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"परब, लावायचे होते. खायचे नव्हते."

"किती खाल्ले ते विचारा," मंदा म्हणाली.

"पंधरा," मी म्हणालो. सिस्टरांना कारण सांगावं लागलं नाही. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. त्या चिडल्या होत्या की हसू दाबत होत्या, ते अजून कळलेलं नाही.

त्याच पावली त्या डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी चार वाजताची सुई रद्द केली. म्हणाले, ही साखर अंजिरांची आहे, अंजिरांबरोबर उतरेल. वर तो डोस गेला असता तर साखर एकदम तळाला गेली असती आणि माणूस झोपेतून उठला नसता. हे सांगताना त्यांनी आवाज मुळीच हळू केला नाही. त्या दिवशी यशयाच तो.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

नंतर

जखम भरायला दोन महिने लागले. बसायला हवेची रबरी गोल गादी मिळाली. ती मी बसमध्ये, मंडळाच्या कार्यक्रमात, सगळीकडे काखेत घेऊन जायचो. लोक विचारायचे, पोहायला चाललात का. बड्या तलावाचं गाव आहे, प्रश्न रास्त होता. रफीकभाई अजून भेटले की म्हणतात, "परब भाई, तुमने हमारे अंजीर को बदनाम कर दिया." मंदा बोलते आता. मी उभ्याने पाणी प्यायलो तरी विचारते, "काय झालंय?"

साळवे सिस्टरांनी मला कधी त्यांच्या देवाकडे बोलावलं नाही. मी गावी जाऊन सातेरीला साडी दिली, हे सांगितलं तर म्हणाल्या, कबूल केलं होतंस तर दिलीच पाहिजे. पण माझी मागण्याची रीत बदलली ती त्या राजामुळे. आधी मी देवाला काय देऊ याचाच विचार करायचो, काय झालंय ते सांगायचोच नाही. जसं मंदाला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही. राजाचं ते बोलणं मला आधी जरा बढाईखोर वाटायचं, मी असा नि मी तसा. आता वाटतं, आपली बाजू मोठ्याने सांगायला लागलं की खोटं कुठं आहे ते आपल्याच कानाला कळतं. कळलं नाही तर मागे बायको असते. आणि प्रार्थना ऐकूनही शेवटी गळवावर काहीतरी बांधावं लागलंच. अंजीर असेल, सुई असेल. म्हणून दुखणं लपवून नुसता देव धरू नका, एवढंच माझं सांगणं. सकाळी भिंतीकडे तोंड करून मी हल्ली पाच मिनिटं बोलतो. काल म्हणालो, "अर्धी चिकी खाल्ली." स्वयंपाकघरातून आवाज आला, "अख्खी."

साळवे सिस्टर आता निवृत्त झाल्या. भोपाळातच, बाग सेवनिया वस्तीत, दोन खोल्यांत एकट्या राहतात. मी आणि मंदा गेलो होतो, बिनसाखरेचे मोदक घेऊन. त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "हे देवाला देऊ नकोस."

मी म्हणालो, "सिस्टर, तुमचं कसं फेडू?"

त्यांनी मोदकांचा डबा झाकून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आयुष्यभर मी लोकांना भिंतीकडे वळवलं. माझी पाळी येईल तेव्हा मागे कुणी असेल की नाही, हे मनात येतं कधी कधी."

मंदाने त्यांचा हात धरला. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. हा नवस नाही, बदल्यात काही मागत नाही. सिस्टर, तुम्ही भिंतीकडे तोंड कराल त्या दिवशी मंदा चुका काढायला असेल, रफीकभाई आमीन म्हणायला असतील, आणि मी असेन. निघालो असलो, अंगण ओलांडून गेलो असलो, एक पाय पेडलवर असला, तरी तुमची हाक आली की मी सायकल वळवीन.